बाईंची आठी

जूनमध्ये शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. चौथी ब, मधल्या सुट्टीनंतरचा तास. डबे खाऊन झालेले, वर्गभर लोणच्याचा आणि घामाचा मिळून एक वास, बाहेर आभाळ भरून आलेलं पण पडायचं नाव नाही. अशा वेळी वर्गाचा आवाज हळूहळू चढत जातो, शिट्टी व्हायच्या आधी कुकरचा चढतो तसा. मी फळ्याकडून वळले आणि नेहमीचं केलं. म्हणजे काहीच केलं नाही, नुसतं पाहिलं. २७ वर्षं मी एवढंच करत आलेय. छडी कधी हातात धरली नाही, आवाजही फारसा चढवत नाही. भुवया जवळ आणायच्या आणि थांबायचं. पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत शांतता पोचायला चार-पाच सेकंद लागतात. त्या दिवशी मी दहा सेकंद थांबले, वीस थांबले. आवाज होता तिथेच. उलट खिडकीजवळच्या दोघी माझ्याकडे बघून गोड हसल्या. मग दुसऱ्या बाकावरच्या चष्मेवाल्यानं हात वर केला आणि उभं राहून विचारलं, "बाई, तुम्ही रागावलाय का?"

आगाऊपणा नव्हता त्यात. उद्या सुट्टी आहे का, इतक्या सरळपणे त्यानं माहिती विचारली होती. वर्ग हसला, मीही हसले, पट्टी टेबलावर दोनदा आपटली आणि 'पाणी' या शब्दातला ण कसा काढायचा ते पुढे सुरू केलं. पण तास संपला तरी तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

रागावले होते. चांगलीच रागावले होते. कपाळाला ते कळलंच नव्हतं, एवढंच.

त्याचं कारण एप्रिलमध्ये होतं. मे महिन्यात मुलीचं लग्न. त्याआधी मेकअपवाली घरी येऊन ट्रायल करून जाते, हे मला मुलीच्या लग्नातच कळलं. आमच्या वेळी पावडर, कुंकू आणि फार तर मामेबहिणीनं लावलेली लिपस्टिक. मेकअपवाली चोवीस-पंचवीस वर्षांची, हाताला हलकी, बोलायला गोड. माझ्या कपाळावर स्पंज टेकवत टेकवत ती मधेच थांबली. "काकू, इथं फाउंडेशन बसत नाहीये. भेगेत जाऊन बसतंय." भुवयांच्या मधल्या दोन उभ्या रेघा तिनं बोटानं दाखवल्या. त्यांना म्हणे 'इलेव्हन' म्हणतात. इंग्रजी अकरा. मराठी अकरा असते तर निदान खाली एखादी शेपटी आली असती, असं माझ्या मनात आलं. जन्मभर आकडे गिरवून घेतल्यावर दुसरं काय येणार! त्या रात्री बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली मी बराच वेळ उभी होते. चेहरा सैल सोडला तरी अकरा तिथेच. म्हणजे मी चिडलेली नसतानाही चिडलेलीच दिसत होते. आणि हे कधीपासून, तर कुणास ठाऊक.

क्लिनिक शहराच्या जुन्या भागातल्या एका गल्लीत, खाली झेरॉक्सचं दुकान, वर हे. एसी इतका गार की पदर घट्ट लपेटून बसावं लागलं. काउंटरवरच्या मुलीनं "काकू, फॉर्म भरा" म्हणून पॅड हातात दिलं. काकू या शब्दावर इथं तरी बंदी असायला हवी होती. डॉक्टरीणबाई मात्र मला आवडल्या. त्यांनी आधी दिव्याखाली चेहरा पाहिला, बोटानं कातडी ताणून पाहिली, पाळी कधी गेली ते विचारलं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं, हे त्यांनी मला भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं. मग म्हणाल्या, सुरकुत्या दोन प्रकारच्या. एक वापरानं पडलेल्या, घडी पुन्हा पुन्हा तिथेच घातल्यावर साडीला रेघ पडते तशा. दुसऱ्या आतलं भरण कमी झाल्यावर वरचं कापड ओघळतं तशा. पहिलीला स्नायू सैल करायचं इंजेक्शन, म्हणजे बोटॉक्स, दुसरीला भरण घालायचं. माझं अकरा पहिल्या जातीचं.

मग त्यांनी फोटो काढायला उभं केलं आणि म्हणाल्या, "आता राग आल्यासारखं करा."

मी केलं. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "शिक्षिका आहात का?"

कपाळावर पांढऱ्या पेन्सिलीनं पाच ठिपके काढले. रांगोळीचे काढतात तसेच, पण वाटीसारखे वाकलेले. बधिर करायचं मलम, मग बर्फाची पिशवी. फ्रीजमधून कुपी काढली तेव्हा मी मान वर करून पाहिलं, तर ती रिकामी. "आहे, आहे आत," त्या हसून म्हणाल्या. तळाशी सुकवलेल्या औषधाचा डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल असा पापुद्रा असतो. १०० युनिटांच्या कुपीत त्यातलं खरं औषध भरतं सुमारे पाच नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करायचे आणि त्यातले पाच घ्यायचे. त्यात सलाइन सोडलं, कुपी जोरात हलवली नाही, नुसती हळूच फिरवली. युनिट म्हणजे काय हे मी घरी येऊन वाचलं, ते आधी वाचलं नाही हे बरंच झालं. जेवढ्या मात्रेनं पिंजऱ्यातले निम्मे उंदीर मरतात, ते एक युनिट. माझ्या कपाळात वीस गेली. माणसाच्या आकारमानापुढे ती काहीच नाहीत हे मला समजतं, तरी गणपतीच्या वाहनाकडे त्या वर्षी मी जरा ओशाळूनच पाहिलं.

सुई इन्शुलिनची असते तशी बारीक. दुखलं मुंगी चावल्याइतकंच. पण आवाज येतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. सुई आत जाताना डोक्याच्या आत करकर ऐकू येते, वाळूवर चप्पल फिरवल्यासारखी, आणि ती बाहेर कुणालाच ऐकू येत नाही. पाच वेळा करकर झाली आणि संपलं. "एवढंच?" मी विचारलं. एवढंच. सात-आठ हजार रुपयांचं एवढंच.

खरी गंमत पुढे होती. चार तास आडवं पडायचं नाही, कपाळ चोळायचं नाही, फार खाली वाकायचं नाही, कपाळ आवळेल असं डोक्यावर काही घालायचं नाही. म्हणजे हेल्मेट? त्यांनी मान डोलावली. हेल्मेट न घालायला पुणेकर किती कारणं देतात ते मी आयुष्यभर ऐकलंय, पण वैद्यकीय कारण मिळालेली मी पहिलीच असेन. गाडी तिथेच ठेवून रिक्षानं घरी आले. दार उघडलं तर समोर कराडची आत्या. लग्नघर, अक्षता निवडायला आलेली, वय ८४. वाकून नमस्कार करायचा नाही, हे आत्याला कसं सांगणार? कंबर धरल्याचं नाटक केलं आणि हात नुसते पावलांच्या दिशेनं नेले. आत्यानं पुढे दोन दिवस सगळ्यांना सांगितलं की माझी कंबर गेलीय आणि लग्नात मला उचलाउचल करू देऊ नका. त्या आत्याच्या आशीर्वादानं मी पूर्ण लग्नात एकही पातेलं उचललं नाही.

परिणाम लगेच दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावर कुणीतरी ओलं वस्त्र ठेवून विसरलंय असं वाटायला लागलं. पंधराव्या दिवशी आरशासमोर उभी राहून मी राग आणून पाहिला. डोळे वटारले गेले, नाकपुड्या फुगल्या, आणि कपाळ मात्र फरसबंद अंगणासारखं. आणि खरं सांगते, मला ते अतिशय आवडलं. लग्नाचे फोटो पाहा. विहिणीच्या रांगेत उभी असलेली मी बारा तास झोपून उठल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात आदल्या रात्री दीड तास झोपले होते. तीन जणींनी विचारलं, बारीक झालीस का? एकीनं विचारलं, योग वगैरे सुरू केलास का? मी हो म्हटलं. खोटं बोलताना कपाळ हललं नाही, हाही एक फायदाच.

मला इतिहास शिकवायची खोड आहे, त्यामुळे या कुपीचंही कूळ शोधत बसले. तिचं मूळ सॉसेजमध्ये आहे. दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत, वुर्टेंबर्ग भागात, नीट न शिजवलेलं सॉसेज खाऊन माणसं दगावत. आधी डोळ्यांपुढे दोन-दोन दिसायचं, मग पापण्या मिटायच्या, मग गिळता येईना, मग श्वास. तिथल्या युस्टिनस केर्नर नावाच्या डॉक्टरनं १८२०च्या सुमाराला त्या रुग्णांची बारीक टिपणं ठेवली, विषारी सॉसेजचा अर्क प्राण्यांना देऊन पाहिला आणि मग स्वतः चाखलासुद्धा. हा गृहस्थ कवीही होता, त्यामुळे चाखण्याबद्दल मला फारसं नवल वाटलं नाही. पण त्यानं तेव्हाच लिहून ठेवलं की थोड्या मात्रेत हे विष औषध म्हणून उपयोगी पडेल. १८९५ साली बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेलं मांस खाल्लं आणि त्यातले काही गेले. त्या मांसातून एमिल व्हान एरमेंगेम यांनी हे विष बनवणारा जंतू हुडकला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर हे विष वापरायला सुरुवात केली, आणि १९८९ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

कपाळावर ते आलं ते मात्र एका बाईच्या तक्रारीमुळे. १९८७ची गोष्ट, कॅनडातलं व्हँकुव्हर. जीन कॅरुथर्स या डोळ्यांच्या डॉक्टर. पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा आजार असलेली त्यांची एक रुग्ण त्या दिवशी नाराज झाली, कारण डॉक्टरीणबाईंनी भुवयांच्या मध्ये सुई दिली नव्हती. तिथं आचके येत नाहीत, मग कशाला, असं डॉक्टरांचं म्हणणं. रुग्णाचं म्हणणं असं की तिथं दिली की माझा चेहरा निवांत दिसतो. त्या रात्री घरी जीनबाईंनी हे नवऱ्याला, त्वचेचे डॉक्टर असलेल्या ॲलिस्टर यांना, सांगितलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या स्वागतिकेच्या कपाळावर पहिला प्रयोग. १९९२मध्ये दोघांचा निबंध छापून आला, २००२मध्ये अमेरिकेनं कपाळावरच्या वापराला परवानगी दिली. मला या सगळ्यात ती नाराज रुग्ण फार आवडते. तिला तरुण दिसायचं नव्हतं. निवांत दिसायचं होतं. दोन्हींत फरक आहे आणि मलाही बहुधा दुसरंच हवं होतं.

आठी हा शब्द मला लहानपणी आठ या आकड्यापासून आला असं वाटायचं. आईच्या कपाळावर खरोखरच एक आडवा आठ उमटायचा. आमच्या घरी मार नव्हता, आठी होती. पाहुण्यांसमोर दुसरा लाडू उचलला की समोरच्या भिंतीला टेकून बसलेल्या आईच्या कपाळावर ती यायची आणि लाडू आपोआप ताटलीत परत. वडिलांच्या हे कधी लक्षात आलं नाही. पाहुण्यांच्या तर नाहीच. ती आमची तार होती, कडकट्ट नसलेली. आणि गंमत म्हणजे हीच आई माझ्या कपाळाला आठी पडलेली खपवून घेत नसे. गणितं करताना मी भुवया आवळायचे. ती स्वयंपाकघरातून यायची, ओला अंगठा माझ्या भुवयांच्या मध्ये टेकवायची आणि वरच्या बाजूला पुसत न्यायची, पाटीवरचं चुकलेलं अक्षर पुसतात तसा. "पूस ती. तशीच राहील जन्मभर." अंगठ्याला लसणाचा वास असायचा. सटवाई पाचवीच्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाते ती वेगळी, आणि माणूस स्वतःच्या हातानं लिहितं ते वेगळं, असंही ती म्हणायची. ते तेव्हा कळलं नव्हतं.

चेहऱ्यावर विजेचे झटके देऊन एकेक स्नायू हलवून पाहणारा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच डॉक्टर द्युशेन या भुवया जवळ ओढणाऱ्या स्नायूला दुःखाचा स्नायू म्हणायचा. डार्विननं १८७२ साली त्याला दुरुस्ती सुचवली. आठी दुःखानं पडत नाही, विचारात अडथळा आला की पडते, काहीतरी कठीण समोर आलं की पडते. हे वाचलं आणि मी डार्विनला मनोमन नमस्कार केला, या वेळी वाकून. कारण माझं अकरा रागाचं नव्हतंच. वर्गावर मी रोज किती वेळा रागावते? दोनदा, तीनदा. पण वह्या? चाळीस वह्या, आठवड्यातून तीन विषयांच्या. 'मी शाळेत जातो' मधला 'मी' ऱ्हस्व. 'फूल' आणि 'फुल', 'दीन' आणि 'दिन'. एका मुलानं माझ्यावर निबंध लिहिला होता, 'आमच्या बाई फार मायाळु आहेत', आणि त्या मायाळूचा ळु ऱ्हस्व होता म्हणून मी भुवया आवळून लाल रेघ ओढली होती. २७ वर्षांच्या ऱ्हस्व-दीर्घानं खोदलेली ती दोन अक्षरं. डॉक्टरीणबाईंनी ती वीस युनिटांत पुसली.

शाळेत हे कुणाला सांगितलं नाही. पण स्टाफरूममध्ये अशा गोष्टी न सांगता कळतात, कारण तिथं आणखी एक बाई होत्या, माझ्याही पुढे गेलेल्या. त्यांनी गालात आणि ओठांच्या कडेच्या खोल रेघांत फिलर भरून घेतलं होतं. ते सगळं हायल्युरॉनिक आम्लाचं काम. आपल्या कातडीत ते असतंच, पाणी धरून ठेवतं. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते पहिल्यांदा वेगळं काढलं, तेही गाईच्या डोळ्यातल्या काचेसारख्या गरातून, म्हणून नावात काचेचा ग्रीक शब्द. आमच्या या बाईंनी मात्र डॉक्टर सोडून ओळखीच्या पार्लरमध्ये जाऊन स्वस्तात करून घेतलं. डाव्या गालात वाटाण्याएवढी गाठ राहिली. हसल्या की ती वर सरकायची. आम्ही सगळ्या तिकडे न बघण्याची पराकाष्ठा करत चहा प्यायचो. शेवटी खऱ्या डॉक्टरकडे जाऊन ते आम्ल विरघळवणारं दुसरं इंजेक्शन घ्यावं लागलं. तरी त्या नशीबवान. भरण चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी काळी पडते, क्वचित डोळाही जातो. माझ्या डॉक्टरीणबाईंनी हे मला आधीच, न विचारता, स्पष्ट सांगितलं होतं. मी नाकापासून ओठापर्यंतच्या रेघांची चौकशी केली होती त्या वेळी. ब्लाउज शिवणारीच्या हातात आपण मापाशिवाय कापड देत नाही आणि पार्लरच्या खुर्चीत गाल देऊन मोकळ्या होतो! ही माझी चिडचिड आहे, ती माझ्या कपाळावर दिसणार नाही म्हणून इथं लिहिली.

घरी वेगळंच चाललं होतं. नवरा जुलैमध्ये एका रविवारी म्हणाला, "तू हल्ली शांत झालीयस." मी तेव्हा गॅसवर दूध ओतू जाऊ दिल्याबद्दल त्याला मनातल्या मनात भरपूर बोलत होते. पण तो सरळच म्हणाला, टोमणा नव्हता. आणि मला प्रश्न पडला की खरंच झालेय का? दूध ओतू गेलं याचा राग जेवढा यायचा तेवढा येत होता की कपाळानं साथ दिली नाही म्हणून तोही मधेच बसून जात होता? २०१०मध्ये असा एक अभ्यास झाला होता. आठीचं इंजेक्शन घेतलेल्या बायकांना वाक्यं वाचायला दिली. आनंदाची वाक्यं त्यांनी आधीसारखीच वाचली, रागाची आणि दुःखाची वाचायला मात्र किंचित जास्त वेळ लागला. एका अभ्यासावरून मी काही म्हणत नाही. पण त्या दोन-तीन महिन्यांत घरात भांडणं कमी झाली हे खरं आहे. नवरा सुखात होता. मी सुखात होते का, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. बरी होते. आणि कधीकधी दुपारी उगाच असं वाटायचं की आपल्या घरात आपली एक खोली बंद आहे आणि किल्ली दुसऱ्या कुणाकडे.

चष्मेवाल्याच्या प्रश्नानं मला बोचलं ते एवढ्यापुरतं असतं तर मी विसरले असते. मुलांना दोन आठवड्यांत पट्टीची सवय झाली. बोचलं ते पुढच्या महिन्यात, साताऱ्याला.

आई तिथे भावाकडे असते. ८१ वर्षांची. ऐकू फार कमी येतं. मशीन आणून दिलंय, पण ते डबीत असतं, कारण लावलं की म्हणे भांडी आपटल्यासारखं ऐकू येतं. त्यामुळे आमचं बोलणं म्हणजे मी कानाशी ओरडायचं, तिनं त्यातले दोन शब्द पकडायचे आणि उरलेलं माझ्या तोंडाकडे बघून जुळवायचं. इतकी वर्षं ते उत्तम चालत आलंय. आषाढी एकादशीला गेले होते. तिनं तिच्या गुडघ्याचं सांगितलं, शेजारणीच्या मुलाचं सांगितलं, मग आवाज खाली आणून भावजयीबद्दल काहीतरी सांगितलं, जे मला फार लागलं. मी ऐकत होते. अगदी आतून ऐकत होते. ती मधेच थांबली, माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "तुला काही वाटत नाही का गं?"

मग साबुदाण्याची खिचडी पुढे सरकवून म्हणाली, "जाऊ दे. तू दमून आली असशील."

मी परतीच्या एसटीत खंबाटकी घाटापर्यंत कपाळाला हात लावून बसले होते. भुवया उचलता येत होत्या, खाली ओढता येत नव्हत्या. आईला ऐकू येत नव्हतं आणि मी ते एकच पान कोरं करून तिच्यापुढे धरलं होतं. तिला सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार आणि कानाशी केवढ्यानं ओरडणार? "आई, मी इंजेक्शन घेतलंय!" शेजारणीलाही ऐकू गेलं असतं. शिवाय तिनं विचारलं असतं, कशाला? आणि मेकअपवालीच्या स्पंजची गोष्ट तिला ओरडून सांगण्यासारखी नाही.

मज्जातंतूच्या टोकाशी स्नायूला निरोप पोचवणारी रसायनाची पुडकी असतात. हे विष ती पुडकी फुटूच देत नाही. तंतू शाबूत, स्नायू शाबूत, मधला निरोप्या बसून. पण शरीर चिवट. नवे कोंब फुटतात, मग जुनं टोकही सावरतं, तीन-चार महिन्यांत निरोप पुन्हा जायला लागतात. माझ्याकडे ते कधी झालं ते मला दिवसाच्या हिशोबानं सांगता येणार नाही. गौरी येऊन गेल्या होत्या आणि मी घटक चाचणीचे पेपर तपासत होते. 'विरुद्धार्थी शब्द लिहा: आठवण'. एकानं लिहिलं होतं 'नववण'. मी हसले, आणि हसता हसता भुवयांच्या मध्ये काहीतरी किंचित आवळलं. डावीकडे आधी. आठवडाभर एकाच बाजूनं आठी पडत होती, अर्धवट, तोतऱ्या माणसाच्या शब्दासारखी. नंतर दुसरी बाजूही आली.

दसऱ्याच्या आधी एक दिवस चौथी ब पुन्हा चढली होती. पट्टी स्टाफरूममध्ये राहिली होती. मी फळ्याकडून वळले आणि थांबले. चष्मेवाल्यानं आधी पाहिलं, शेजाऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं आणि कुजबुजला, "ए गप्प. खरंच." चार-पाच सेकंद लागले.

क्लिनिकचा मेसेज सप्टेंबरमध्येच आला होता. पुढच्या इंजेक्शनची वेळ झालीय, सणासुदीनिमित्त वीस टक्के सूट. मी तो उघडला, वाचला, बंद केला. काढून टाकला नाही. दिवाळीनंतर भाच्याचं लग्न आहे, आणि फोटोत मी खरंच छान दिसले होते.

त्या रविवारी साताऱ्याला गेले. आई ओट्याजवळ स्टूल घेऊन लसूण सोलत होती. मी पिशव्या खाली ठेवल्या, एसटीत जागा मिळाली नाही, पाय दुखतायत, असं काहीबाही सांगत होते, तिला ऐकू येत नाही हे माहीत असून. तिनं मान वर केली. "काय झालं गं? कपाळाला आठ्या कसल्या?" मी काही नाही म्हणून मान हलवली. तिनं जवळ ये अशी खूण केली. मी वाकले. तिनं अंगठा माझ्या भुवयांच्या मध्ये टेकवला आणि वर पुसत नेला. मग जरा मागे होऊन, चष्म्यातून नीट बघून, पुन्हा एकदा पुसला.

"आता नाही जात," ती म्हणाली, आणि पुढची पाकळी हातात घेतली.